रॉड सर्लिंग

रॉडमन एडवर्ड सर्लिंग (२५ डिसेंबर, १९२४ – २८ जून, १९७५) हे अमेरिकन दूरचित्रवाणी लेखक, निर्माते आणि पटकथाकार होते. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा यांचा मेळ घालणाऱ्या 'द ट्वायलाइट झोन' (१९५९–१९६४) या मालिकेचे ते जनक, कार्यकारी निर्माते, निवेदक व प्रमुख लेखक होते. मालिकेच्या एकूण १५६ भागांपैकी ९२ भागांचे लेखन त्यांनी स्वतः केले. त्याआधी १९५०च्या दशकातील थेट प्रक्षेपित दूरचित्रवाणी नाटकांमुळे त्यांचे नाव झाले होते. लेखनासाठी त्यांना सहा एमी पुरस्कार मिळाले.

सर्लिंग यांची आज ओळख आहे ती गूढ कथांचे लेखक म्हणून. प्रत्यक्षात त्यांची सुरुवात वास्तववादी सामाजिक नाटकांपासून झाली. वंशद्वेष, झुंडशाही, युद्ध यांसारख्या विषयांवर लिहिलेल्या त्यांच्या संहितांना जाहिरातदार कंपन्यांनी वारंवार कात्री लावली. परग्रहवासी, यंत्रमानव आणि काल्पनिक राज्ये यांच्याकडे ते वळले, त्यामागे हा अनुभव होता.

बालपण आणि युद्धसेवा

सर्लिंग यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते लहान असतानाच कुटुंब त्याच राज्यातील बिंगहॅम्टन या गावी स्थायिक झाले. वडील सॅम्युएल यांचे तेथे दुकान होते. थोरले बंधू रॉबर्ट सर्लिंग हेही पुढे लेखक झाले. विमानवाहतूक हा त्यांच्या लेखनाचा विषय होता. बिंगहॅम्टनमधील बाग, तिथला वाद्यमंडप आणि फिरत्या घोड्यांचा पाळणा सर्लिंग यांच्या मनात कायम घर करून राहिले. 'वॉकिंग डिस्टन्स' (१९५९) या भागात आपल्या बालपणीच्या गावी परतलेला, थकलेला मध्यमवयीन नायक दिसतो. तो ज्या गावात पोहोचतो त्याचे नाव काल्पनिक असले, तरी वर्णन बिंगहॅम्टनशी जुळते.

१९४३ मध्ये शालेय शिक्षण संपताच सर्लिंग सैन्यात दाखल झाले. ११व्या हवाई डिव्हिजनच्या ५११व्या छत्रीधारी पायदळ रेजिमेंटमध्ये त्यांची नेमणूक झाली. प्रशिक्षणकाळात त्यांनी मुष्टियुद्धाच्या काही लढतींत भाग घेतला व त्यात त्यांचे नाक मोडले. नोव्हेंबर १९४४ पासून फिलिपिन्समधील लेते बेटावर आणि पुढे मनिलाच्या लढाईत ते होते. लेतेवर त्यांच्यासमोर घडलेला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. विमानातून टाकलेली अन्नसामग्रीची जड पेटी अंगावर पडून त्यांचा एक मित्र जागीच ठार झाला. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर उपाशी सैनिकांसाठी आलेल्या अन्नाने आलेला हा मृत्यू होता. नियतीचा असा क्रूर विनोद त्यांच्या कथांच्या शेवटी पुढे अनेकदा आढळतो. युद्धात ते जखमी झाले आणि त्यांना पर्पल हार्ट व ब्राँझ स्टार ही पदके मिळाली. ते सैन्यात असतानाच, १९४५ मध्ये, वडिलांचे निधन झाले. अंत्यविधीसाठी मागितलेली रजा मंजूर झाली नाही.

युद्धाची दुःस्वप्ने त्यांना आयुष्यभर पडत. आपण लेखनाकडे वळलो ते मनातील हे ओझे बाहेर काढण्यासाठी, असे त्यांनी सांगितले आहे. 'द पर्पल टेस्टमेंट' (१९६०) आणि 'अ क्वालिटी ऑफ मर्सी' (१९६१) हे दोन्ही भाग फिलिपिन्समध्येच घडतात. दुसऱ्या भागात जखमी जपानी सैनिकांवर हल्ला करण्यास उतावीळ झालेला तरुण अमेरिकन अधिकारी अचानक जपानी अधिकाऱ्याच्या देहात जागा होतो. ज्या शत्रूशी सर्लिंग स्वतः लढले, त्याच्याच डोळ्यांनी युद्धाकडे पाहण्याची ही मागणी त्यांनी अवघ्या सोळा वर्षांनी केली.

शिक्षण आणि उमेदवारी

माजी सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेच्या आधारे त्यांनी ओहायो राज्यातील अँटिऑक कॉलेजात प्रवेश घेतला. सुरुवातीला शारीरिक शिक्षण हा विषय निवडलेल्या सर्लिंग यांनी नंतर साहित्याकडे मोर्चा वळवला व १९५० मध्ये पदवी मिळवली. तेथेच त्यांची कॅरोल क्रेमर यांच्याशी ओळख झाली आणि १९४८ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. विद्यार्थिदशेत पैशांची चणचण असल्याने हवाई दलासाठी नव्या छत्र्यांची चाचणी घेण्याचे जोखमीचे कामही त्यांनी केले. १९४९ मध्ये 'डॉक्टर ख्रिश्चन' या नभोवाणी कार्यक्रमाच्या संहितास्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले.

पदवीनंतर ते सिनसिनाटी येथील डब्ल्यूएलडब्ल्यू या नभोवाणी केंद्रात नोकरीला लागले. दिवसा केंद्रासाठी ठरीव मजकूर लिहायचा आणि रात्री स्वतःची नाटके लिहून न्यू यॉर्कला पाठवायची, असा क्रम काही काळ चालला. साभार परत आलेल्या संहितांचा ढीग साचला. तरीही नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ लेखन पत्करले.

थेट नाटकांचा काळ

१९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकन दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला स्वतंत्र नाटके सादर होत. बहुतेक नाटके न्यू यॉर्कमधील स्टुडिओतून थेट प्रक्षेपित केली जात. नट चुकला तर पुन्हा चित्रीकरणाची सोय नसे. या नाटकांचा खर्च जाहिरातदार कंपनी उचले आणि कार्यक्रमालाही बहुधा तिचेच नाव असे, उदाहरणार्थ 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' किंवा 'युनायटेड स्टेट्स स्टील अवर'. संहिता कंपनीच्या जाहिरात संस्थेकडे मंजुरीसाठी जाई. संपूर्ण कार्यक्रमाचा प्रायोजक एकच असल्यामुळे त्याचा शब्द अखेरचा ठरे.

१२ जानेवारी, १९५५ रोजी 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर'मध्ये सर्लिंग यांचे 'पॅटर्न्स' हे नाटक प्रक्षेपित झाले. मोठ्या कंपनीत नव्याने आलेल्या तरुण अधिकाऱ्याला हळूहळू कळते की, एका वृद्ध सहकाऱ्याची जागा घेण्यासाठीच आपल्याला आणले आहे. मालक त्या वृद्धाला कामावरून काढत नाही, त्याने स्वतःहून जावे म्हणून रोज त्याचा अपमान करतो. नाटकाला इतका प्रतिसाद मिळाला की ९ फेब्रुवारी रोजी नटसंच पुन्हा जमवून ते दुसऱ्यांदा थेट सादर करावे लागले. थेट नाटक एकदा झाले की संपले, अशी रीत असताना ही घटना अपवादात्मक होती. सत्तरहून अधिक संहिता लिहून झाल्यावर, वयाच्या तिसाव्या वर्षी, सर्लिंग यांना प्रसिद्धी मिळाली आणि पहिला एमी पुरस्कारही लाभला.

११ ऑक्टोबर, १९५६ रोजी 'प्लेहाउस ९०' या मालिकेत आलेल्या 'रेक्विएम फॉर अ हेवीवेट'ने त्यांचे स्थान पक्के केले. शरीर थकलेल्या आणि दुसरे कोणतेही काम येत नसलेल्या मुष्टियोद्ध्याची ही कथा आहे. प्रमुख भूमिका जॅक पॅलन्स यांनी केली. या नाटकासाठी सर्लिंग यांना एमीबरोबर पीबडी पुरस्कारही मिळाला. पुढच्या वर्षीच्या 'द कॉमेडियन'साठी तिसरा एमी आला.

प्रायोजकांशी संघर्ष

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या शिकागोहून आलेल्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. दोन गोऱ्या आरोपींची सर्व गोऱ्या सदस्यांच्या ज्युरीने निर्दोष मुक्तता केली. काही महिन्यांनी त्याच दोघांनी एका नियतकालिकाला गुन्ह्याची कबुली दिली. एकदा सुटलेल्या आरोपींवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालू शकत नव्हता. गावाने आपल्या माणसाला पाठीशी घालण्याची ही वृत्ती सर्लिंग यांना अस्वस्थ करून गेली.

'नून ऑन डूम्सडे' हे नाटक त्यांनी 'युनायटेड स्टेट्स स्टील अवर'साठी लिहिले. विषय थेट मांडता येणार नाही हे जाणून त्यांनी आधीच बळी ठरलेल्या व्यक्तीला वृद्ध ज्यू माणूस केले होते. प्रक्षेपणापूर्वी एका वार्ताहराने हे टिल प्रकरणच आहे का, असे विचारले आणि सर्लिंग यांनी ते नाकारले नाही. बातमी दक्षिणेत पसरताच वर्णविभाजनाच्या समर्थक संघटनांकडून बहिष्काराच्या धमक्या व निषेधाची पत्रे येऊ लागली. त्यानंतर संहितेची जी चिरफाड झाली ती सर्लिंग यांनी पुढे अनेकदा सांगितली. घटनास्थळ दक्षिणेतून देशाच्या ईशान्य टोकाच्या न्यू इंग्लंडमध्ये हलवले गेले. बळी हा केवळ एक अनाम परदेशी उरला. मारेकरी हा मुळात भला, क्षणभर वाट चुकलेला मुलगा ठरला. झुंडीने केलेल्या हत्येसाठीचा रूढ शब्द गाळला गेला. एवढेच नव्हे, तर दक्षिणेची आठवण होईल म्हणून देखाव्यातील कोका-कोलाच्या बाटल्याही काढण्यात आल्या. २५ एप्रिल, १९५६ रोजी जे प्रक्षेपित झाले त्यात मूळ विषय ओळखू येत नव्हता.

दोन वर्षांनी त्यांनी त्याच विषयाला पुन्हा हात घातला. 'अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट' (१९ जून, १९५८) 'प्लेहाउस ९०'मध्ये आले तेव्हा कथा १८७०च्या दशकातील नैर्ऋत्य अमेरिकेत गेली होती आणि बळी मेक्सिकन तरुण झाला होता. तरीही झुंडीसमोर उभा राहणारा शेरीफ आणि गावाची सामूहिक अपराधभावना यांमुळे हे नाटक पहिल्यापेक्षा बरेच सरस उतरले.

राजकारणाबाबतही असाच अनुभव आला. 'द अरीना' (१९५६) हे नाटक अमेरिकन सिनेटमध्ये घडते, पण त्यातील सदस्यांना त्या वेळच्या कोणत्याही खऱ्या प्रश्नावर बोलण्याची मुभा नव्हती. पक्षांचा उल्लेखही नको होता. आपल्या नाटकांच्या १९५७ सालच्या संग्रहात सर्लिंग यांनी यावर टिप्पणी केली. ही कथा शंभर वर्षे पुढे नेऊन सिनेटमध्ये यंत्रमानव बसवले असते, तर नाटक अधिक प्रौढ झाले असते, असे त्यांचे म्हणणे होते. हे वाक्य उपहासाने लिहिले असले, तरी पुढील कामाचा आराखडा त्यात सापडतो.

द ट्वायलाइट झोन

सर्लिंग यांनी सीबीएस या वाहिनीला 'द टाइम एलिमेंट' ही संहिता विकली होती. आपण पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आदल्या दिवशी होनोलुलूत जागे होतो आणि आपले कोणी ऐकत नाही, असे स्वप्न वारंवार पडणाऱ्या माणसाची ही कथा होती. वाहिनीने ती बाजूला ठेवली. निर्माते बर्ट ग्रॅनेट यांनी ती मिळवली आणि २४ नोव्हेंबर, १९५८ रोजी 'डेसिलू प्लेहाउस'मधून ती प्रक्षेपित झाली. प्रेक्षकांच्या पत्रांचा पाऊस पडल्यावर सीबीएसने मालिकेचा विचार सुरू केला. २ ऑक्टोबर, १९५९ रोजी 'व्हेअर इज एव्हरीबडी?' या भागाने 'द ट्वायलाइट झोन'चा आरंभ झाला.

मालिकेच्या निर्मितीसाठी सर्लिंग यांनी केयुगा प्रॉडक्शन्स ही कंपनी काढली. न्यू यॉर्क राज्यातील ज्या तलावाकाठी त्यांचे उन्हाळी घर होते, त्याचेच नाव तिला दिले. दैनंदिन निर्मिती पहिली तीन वर्षे बक हाउटन यांनी सांभाळली. चार्ल्स बोमाँट व रिचर्ड मॅथेसन हे सर्लिंग यांच्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे लेखक होत. निवेदनासाठी ऑर्सन वेल्स यांच्या नावाचा विचार झाला होता, पण त्यांचे मानधन परवडणारे नव्हते. अखेर सर्लिंग यांनीच आवाज दिला. पहिल्या वर्षी ते बहुतांशी पडद्यामागे राहिले. दुसऱ्या वर्षापासून काळा सूट, घट्ट मिटलेला जबडा आणि हातातील सिगारेट अशा रूपात ते प्रत्येक कथेच्या सुरुवातीला दिसू लागले. लेखकाचा चेहरा प्रेक्षकांना ठाऊक असणे त्या माध्यमात फार दुर्मीळ होते.

मालिका सुरू होण्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर १९५९ मध्ये, पत्रकार माइक वॉलेस यांनी सर्लिंग यांची मुलाखत घेतली. दूरचित्रवाणीसाठी गंभीर काही लिहिण्याचा प्रयत्न आता सोडला काय, या आशयाच्या प्रश्नाला त्यांनी जवळजवळ होकार दिला. या अर्ध्या तासाच्या मनोरंजक कथांत सामाजिक प्रश्नांना हात घालायचा नाही, असे त्यांचे उत्तर होते. हे उत्तर प्रामाणिक होते की प्रायोजकांना निर्धास्त करण्यासाठी दिलेले होते, यावर अभ्यासक आजही चर्चा करतात. मालिकेकडे पाहता दुसरी शक्यता अधिक वाटते.

'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' (४ मार्च, १९६०) या भागात एका शांत गल्लीतील वीज जाते. परग्रहवासी माणसांच्या वेषात आले असावेत, असे एक मुलगा म्हणतो आणि शेजारी एकमेकांवर संशय घेऊ लागतात. कोणाची मोटार आपोआप सुरू होते, कोण रात्री आकाशाकडे पाहत उभा राहतो, हे सारे पुरावे ठरतात. रात्र संपेपर्यंत एक निरपराध माणूस गोळीला बळी पडलेला असतो. परग्रहवासी खरोखरच असतात, पण त्यांना दिवे लावण्या-विझवण्याखेरीज काही करावे लागत नाही. मॅकार्थी काळातील साम्यवाद्यांच्या शोधमोहिमेची सावली या कथेवर स्पष्ट आहे. 'नून ऑन डूम्सडे'मध्ये जी झुंड दाखवता आली नव्हती ती येथे पूर्ण ताकदीने अवतरली, आणि प्रायोजकाने एकही आक्षेप घेतला नाही, कारण कोणाही गिऱ्हाइकाचे गाव त्यात नव्हते.

'आय ऑफ द बिहोल्डर' (१९६०) मध्ये चेहऱ्यावर पट्ट्या बांधलेली एक स्त्री इतरांसारखे दिसण्यासाठीच्या अखेरच्या उपचाराचा निकाल लागण्याची वाट पाहते. सर्वांनी सारखेच असावे असे बजावणारा राज्यप्रमुख पडद्यावर भाषण करत असतो. 'डेथ्स-हेड रीव्हिजिटेड' (१९६१) मध्ये नाझी छळछावणीचा माजी अधिकारी डाखाऊला परत येतो. 'ही'ज अलाइव्ह' (१९६३) हा भाग अमेरिकेतील नवनाझी तरुणाविषयी आहे. येथे रूपकाचा पडदा अगदी विरळ आहे आणि त्यामुळे नाट्यही थोडे उणावले आहे. सर्लिंग यांचा हा दोष समीक्षकांनी अनेकदा दाखवला आहे. राग अनावर झाला की त्यांची पात्रे बोलण्याऐवजी भाषण करू लागतात.

प्रायोजकांची ढवळाढवळ पूर्णपणे थांबली असे मात्र नाही. 'जजमेंट नाइट' या भागात ब्रिटिश जहाजावरील अधिकारी चहा मागवतो. कॉफी विकणाऱ्या प्रायोजकाला ते रुचले नाही आणि ब्रिटिशांना चहाविना राहावे लागले. वंशद्वेषावरील कथा रोखली जाण्याच्या मानाने ही किंमत किरकोळ होती.

मालिकेला समीक्षकांची दाद मिळाली, १९६० व १९६१ मध्ये सर्लिंग यांना लेखनाचे एमीही मिळाले, पण प्रेक्षकसंख्या बेताचीच राहिली. सुरुवातीच्या वर्षांत बहुसंख्य भाग स्वतः लिहिण्याचे बंधन करारात होते. ते ध्वनिमुद्रण यंत्रावर बोलत आणि सचिव मजकूर टंकलिखित करीत. या वेगाने ते थकले. तिसऱ्या वर्षानंतर प्रायोजक वेळेवर न मिळाल्याने मालिका काही महिने बंद राहिली. त्या काळात सर्लिंग यांनी अँटिऑक कॉलेजात अध्यापन केले. जानेवारी १९६३ मध्ये ती एक तासाच्या स्वरूपात परतली, पण अर्ध्या तासात नेमकी बसणारी कल्पना तासभर ताणल्यावर सैल पडे. पाचव्या वर्षी मूळ कालावधी पुन्हा आणला गेला आणि १९ जून, १९६४ रोजी शेवटचा भाग प्रक्षेपित झाला.

त्यानंतर सर्लिंग यांनी मालिकेतील आपला हिस्सा सीबीएसला विकून टाकला. निर्मितीखर्च पुनःप्रक्षेपणातून भरून निघणार नाही, असा त्यांचा समज होता. पुढील दशकांत याच पुनःप्रक्षेपणांतून वाहिनीने प्रचंड उत्पन्न मिळवले.

उत्तरार्ध

चित्रपटांसाठी त्यांनी केलेल्या कामात दोन पटकथा ठळक आहेत. 'सेव्हन डेज इन मे' (१९६४) हा जॉन फ्रँकनहायमर दिग्दर्शित चित्रपट अमेरिकेतील संभाव्य लष्करी उठावावर आहे. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) ही पिएर बूल यांच्या फ्रेंच कादंबरीवरून केलेली पटकथा त्यांच्या व मायकेल विल्सन यांच्या नावे आहे. वाळूत अर्धवट गाडलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याने होणारा चित्रपटाचा शेवट कादंबरीत नाही. त्याचे श्रेय सामान्यतः सर्लिंग यांना दिले जाते.

दूरचित्रवाणीवरील पुढचा काळ तितका सुखाचा नव्हता. 'इट्स मेंटल वर्क'साठी १९६४ मध्ये सहावा एमी मिळाला. 'द लोनर' (१९६५–६६) ही यादवी युद्धानंतर भटकणाऱ्या सैनिकाची मालिका वाहिनीला अधिक मारामारी हवी असल्याने वादात सापडली आणि एका हंगामातच संपली. 'द डूम्सडे फ्लाइट' (१९६६) या दूरचित्रपटात विमानात लपवलेल्या बाँबची कथा होती. प्रक्षेपणानंतर विमान कंपन्यांना बाँबच्या खोट्या धमक्या येऊ लागल्या आणि ही कथा लिहिल्याचा सर्लिंग यांनी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

'नाइट गॅलरी' (१९७०–७३) मध्ये ते चित्रांच्या दालनात उभे राहून प्रत्येक भयकथेची ओळख करून देत. १९६९ मध्ये आलेल्या तिच्या प्रारंभिक चित्रपटातील एक कथा तरुण स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केली होती. मात्र निर्मितीचे अधिकार निर्माते जॅक लेअर्ड यांच्याकडे होते. सर्लिंग यांच्या संहिता नाकारल्या किंवा बदलल्या जाऊ लागल्या. प्रेक्षकांच्या दृष्टीने मालिका त्यांची होती, पण प्रत्यक्षात त्यांचा शब्द चालत नव्हता. त्यातही 'दे आर टेअरिंग डाउन टिम रायलीज बार' ही त्यांची कथा त्यांच्या उत्तम लेखनात गणली जाते.

१९६७ पासून अखेरपर्यंत त्यांनी इथाका कॉलेजात अध्यापन केले. व्हिएतनाम युद्धाला त्यांचा उघड विरोध होता. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील मूरपार्क कॉलेजात व्याख्यानासाठी गेले असता राज्यनिष्ठेच्या शपथपत्रावर सही करण्यास त्यांनी नकार दिला आणि मानधनावर पाणी सोडून व्याख्यान दिले. याच वर्षांत ते अनेक उत्पादनांच्या जाहिरातींतही दिसत. जाहिरातदारांशी दशकभर भांडलेल्या लेखकाने हे का करावे, असा प्रश्न त्यांना विचारला जाई.

सर्लिंग अतिधूम्रपान करीत. मे १९७५ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जूनमध्ये रॉचेस्टर येथे झालेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी, २८ जून रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. केयुगा तलावाजवळील इंटरलाकन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

'ट्वायलाइट झोन' हा शब्दप्रयोग इंग्रजीत वास्तव आणि भास यांच्या सीमेवरील अवस्थेसाठी रूढ झाला आहे. मालिकेवर १९८३ मध्ये चित्रपट निघाला. त्याच्या चित्रीकरणात हेलिकॉप्टर कोसळून अभिनेते व्हिक मॉरो व दोन बालकलाकार मृत्युमुखी पडले. मालिकेच्या नव्या आवृत्त्या १९८५, २००२ आणि २०१९ मध्ये आल्या. शेवटच्या आवृत्तीचे निवेदन जॉर्डन पील यांनी केले. १९८५ मध्ये सर्लिंग यांचा टेलिव्हिजन हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर समावेश झाला. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह इथाका कॉलेजात आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेतील साय-फाय वाहिनीने 'अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट'वरून नवा दूरचित्रपट काढला. एमेट टिलच्या हत्येवरून सुचलेली आणि प्रायोजकांच्या भीतीने एकोणिसाव्या शतकात ढकललेली ही कथा या वेळी भविष्यकाळातील एका ओसाड वसाहतीत घडते.